बेबीनं ‘डाउन’ म्हणेपर्यंत

जगातली निम्मी दुःखं माणूस चुकीचा वाकतो म्हणून होतात आणि उरलेली निम्मी तो चुकीचा बसतो म्हणून, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमका तोच माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. लग्न ठरवताना आमच्याकडच्यांनी मुलीचं शिक्षण पाहिलं, पत्रिका पाहिली, स्वयंपाकाचीही चौकशी केली. मामा काही कुणी पाहिला नाही. उलट मामांनीच मला पाहिलं. मी पोह्यांची बशी मांडीवर ठेवून तिच्यात डोकं घालून खात होतो, तेव्हा कोपऱ्यातून एक भारदस्त आवाज आला, “मुलगा चांगलाय, पण पाठीला पोक आहे.” माझ्या आईला वाटलं, मोडलं स्थळ. तेवढ्यात मामा उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले, दोन्ही खांदे धरून त्यांनी मला मागे खेचलं, पाठीत कुठंतरी कटकन वाजलं, आणि “काही नाही, रिपेअर होईल,” असा निकाल देऊन ते परत कोपऱ्यात जाऊन ताठ बसले. त्यानंतर लग्नाला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. माझी तर नव्हतीच.

मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. बुवापाड्यात दोन खोल्यांचं घर, घरामागे पत्र्याची शेड आणि त्या शेडमध्ये इकडून तिकडून लोखंड जमवून उभी केलेली व्यायामशाळा. तरुणपणी ते वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायचे आणि जिंकायचेही. त्याचा पुरावा म्हणून फळीवर ओळीनं कप मांडलेले होते. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या कपात मामी लसूण ठेवायच्या. दोघांना मूल नव्हतं, पण घर काही रिकामं राहिलं नाही. माझे सासरे अकाली गेले तेव्हा सासूबाई तीन मुलींना घेऊन भावाकडे आल्या. थोरली ती माझी बायको, मग मधली, आणि शेंडेफळ बेबी, जी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. तिघींचं बालपण लोखंडी प्लेटांमधून वाट काढत गेलं. त्यातही बेबीला चौथ्या वर्षीच नोकरी लागली. वजन उचलण्याच्या स्पर्धेत असा नियम असतो की बार डोक्यावर गेला म्हणजे काम संपलं असं नाही. हात सरळ, पाय एका रेषेत, अंग स्थिर झालं की पंच ‘डाउन’ म्हणतो, आणि मगच वजन खाली आणायचं. त्याआधी टाकलं तर सगळी मेहनत बाद. मामांना घरच्या सरावातही पंच लागायचा. म्हणून उलट्या बादलीवर बेबीला बसवलेलं असे. पंचांच्या हातात बहुधा बर्फाचा गोळा असायचा आणि तो संपेपर्यंत पंच कुणाकडे बघत नसत. मामा नव्वद किलो डोक्यावर घेऊन थरथरत उभे, चेहरा टोमॅटोसारखा, आणि बेबी गोळा चोखतेय.

“म्हण ना गं डाउन!”

“पाय हलतोय तुमचा.”

मामी चिडून म्हणायच्या, “अहो, टाका ते खाली, पोरीला काय कळतंय!” पण मामांनी कधी टाकलं नाही. पंचाशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता, मग पंचाचं वय चार का असेना.

पन्नाशी उलटल्यावर मामांनी वजन उचलणं कमी केलं आणि सांधे सांभाळणं सुरू केलं. घरच्यांचं म्हणणं, त्यापेक्षा वजन उचलणं परवडलं. पहाटे पाचला मामा दाराच्या चौकटीतल्या दांड्याला लोंबकळत. दूधवाल्याला रोज आधी दोन पाय दिसायचे, मग मामा. त्यानंतर तेलाचा कार्यक्रम. गुडघ्यांना तिळाचं, खांद्यांना मोहरीचं, आणि कंबरेला एक काळं तेल, ज्यात काय होतं ते मामींनाही माहीत नव्हतं. पण त्याचा वास आला की शेजारची मांजर घर सोडून जायची. प्रत्येक सांध्याशी मामांचं स्वतंत्र बोलणं असे. उजवा गुडघा शहाणा, डावा आगाऊ. “आज डावा ऐकत नाहीये,” असं ते कुणाच्या तरी वांड मुलाबद्दल बोलावं तसं बोलायचे. मग भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून दहा मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहिल्यानं भिंतीवर मामांची तेलकट आकृती उमटली होती. मामींनी दिवाळीला तीनदा रंग काढला. तिन्ही वेळा संक्रांतीपर्यंत मामा भिंतीतून परत बाहेर आले.

हे सगळं ते स्वतःपुरतं ठेवते तर माझी तक्रार नव्हती. पण मामांना दुसऱ्याची पाठ स्वतःच्या पाठीपेक्षा जास्त दुखायची. कुणी पाया पडायला वाकलं की आशीर्वादाआधी ओरडा मिळायचा, “कमरेतनं नाही, गुडघ्यातनं! पाठ सरळ! हां, आता सुखी राहा.” आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमधले एक आजोबा गेले, तेव्हा मामा योगायोगानं आमच्याकडे आलेले होते. तिरडी उचलायला चौघं वाकले आणि मामांना राहवलं नाही. “थांबा थांबा. पाय फाकवा. छाती वर. श्वास घ्या. आता चौघं एकदम. घाई कशाला करताय, त्यांना तर नाहीये ना घाई?” लोक रडायचे थांबून त्यांच्याकडे बघायला लागले. पण खरं सांगतो, इतकी नेटकी उठलेली तिरडी मी पुन्हा पाहिली नाही.

एकदा आम्ही दोघं उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफा घ्यायला निघालो, तर मामा बरोबर आले. दुकानाचे सिंधी सेठ मोठे हसतमुख. त्यांनी आम्हाला एका गुबगुबीत सोफ्यात बसवलं, चहा मागवला. मामा बसले नाहीत. त्यांनी सोफ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “सेठ, इसमें बैठा हुआ आदमी उठेगा कैसे?”

सेठ म्हणाले, “साईं, उठने की जल्दी क्या है? चाय पियो.”

मामांनी सेठना उठून दाखवायला सांगितलं. सेठ दोनदा झुलले, तिसऱ्यांदा हाताला धरून उठले, आणि उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं त्यांचा धंदा बुडाला. पुढचा अर्धा तास मामांनी सेठना त्यांच्याच दुकानातल्या कपाटाला टेकवून उभं ठेवलं. निघताना सेठ लाकडी स्टुलावर ताठ बसून गिऱ्हाइकांशी बोलत होते आणि आम्ही सोफ्याऐवजी चार सरळ पाठीच्या लाकडी खुर्च्या घेऊन घरी आलो. आमच्याकडे पाहुणे आजही फार वेळ बसत नाहीत.

आता त्या रिवाजाकडे येतो. लग्नात गुरुजी ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’ असं म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक मामा मुलीच्या हाताला धरून चार पावलं चालतात आणि टोपी सावरतात. हिच्या माहेरची रीत मात्र अशी की मामानं नवरीला उचलून बोहल्यापर्यंत आणायचं. वजन उचलणाऱ्या माणसाला असा रिवाज सापडणं म्हणजे काय ते बघा. आमच्या लग्नात मामा पूर्ण तयारीनिशी उतरले. शालू रेशमी, हातातनं निसटतो, म्हणून त्यांनी चुन्याच्या डबीत खडूची पूड आणली होती, ती तळहातांना चोळली, आणि हिला अशी काही अलगद उचलली की मांडवात टाळ्या पडल्या. इथवर ठीक होतं. पण ही छातीपर्यंत आली आणि मामांचे डोळे बदलले. छातीपर्यंत आलेलं वजन पुढे कुठे जातं, हे त्यांच्या हातांना तीस वर्षांचं पाठ होतं. ही हळूहळू वर जायला लागली. मामी किंचाळल्या, “अहो, लग्न आहे, स्पर्धा नाही!” तेव्हा कुठे ते भानावर आले. माझी बायको माझ्यापर्यंत पोचली ती शालूवर दोन पांढरे पंजे घेऊन. लग्नाच्या फोटोत ते स्पष्ट दिसतात. शालू तिनं कधी धुवायला दिला नाही. मधलीच्या लग्नात मामींनी आधीच दम भरला होता, त्यामुळे ती छातीपर्यंतच राहिली. पंजे तिलाही मिळाले.

आणि मग बेबीचं लग्न ठरलं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मोबाइल नुकते हातात आले होते आणि निरोप मिस कॉलनं जायचे. मामा साठीच्या पलीकडे गेलेले. एक दिवस त्यांनी मला एकट्याला अंबरनाथला बोलावलं, घरात काही न सांगता उल्हासनगरला एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

“काका, मणके पार झिजलेत. एक नस दबलीय. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. झटका बसला तर पायातली ताकद जाऊ शकते, कळतंय का?”

“बादली नाही उचलत,” मामा म्हणाले. “भाची उचलायचीय.”

“किती वर्षांची आहे?”

“सव्वीस.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

परत येताना मी समजावून पाहिलं. हाताला धरून न्या, कोण काय म्हणणारे, वगैरे. मामा रिक्षातही ताठ बसले होते. म्हणाले, “जावईबापू, मोठ्या दोघींना बाप थोडा तरी आठवतो. हिला काहीच आठवत नाही. हिच्यासाठी जे काय आहे ते मीच. त्या दोघींना उचललं आणि हिलाच चालत नेलं, तर का, हे हिनं कुणाला विचारायचं?” आम्ही अंबरनाथला पोचलो. एक्स-रे त्यांनी कपांच्या फळीवर, लसणाच्या कपामागे लपवला आणि मला शपथ घातली.

त्या दिवसापासून तीन महिन्यांची तयारी सुरू झाली आणि तिच्यात विनाकारण मीही सापडलो. पहाटे साडेपाचला माझ्या मोबाइलवर एक मिस कॉल यायचा. त्याचा अर्थ, मामा भिंतीला उभे राहिलेत, तुम्हीही राहा. दुसरा आला की टाचा उचला. बायकोला संशय यायला लागला की आपला नवरा पहाटे कुणाच्या तरी फोनची वाट बघत भिंतीला टेकून उभा असतो. मामांनी बेबीचं वजन काढायला सुरुवात केली. दर रविवारी तिला अंबरनाथ स्टेशनवरच्या दिवे लुकलुकणाऱ्या काट्यावर उभं करायचं आणि पडलेलं तिकीट खिशात टाकायचं. तिकिटाच्या मागे तिचं भविष्य छापलेलं असायचं, ते ते वाचायचेही नाहीत. पहिलं तिकीट अठ्ठावन्न. दोन भरलेले गॅसचे सिलिंडर म्हणजे एक बेबी, असा त्यांनी मनाशी हिशेब बसवला. शालूचं वजन, हिरव्या चुड्याचं वजन, फुलांच्या हाराचं वजन. दागिने लग्न लागल्यावर घातले तर चालणार नाही का, असं त्यांनी मुलाकडच्यांना विचारलं, त्यावरून माझ्या सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण खरा घोळ केळवणांनी घातला. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाइकांनी जेवायला बोलवायचं, गोडधोड खायला घालायचं, हे ज्यानं सुरू केलं त्याला भाची नसणार, असं मामांचं मत झालं. शहाडच्या मावशी, कात्रपला आम्ही, मधलीच्या सासरचे, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांची आमंत्रणं. मामा प्रत्येक केळवणाला न बोलावता हजर. बेबीशेजारी बसायचे आणि तूप वाढायला कुणी आलं की तिच्या ताटावर हात आडवा धरायचे. शहाडच्या मावशींनी पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. मामा म्हणाले, “एकच वाढा. उचलायचीय मला.” मावशी अजून ते विसरल्या नाहीत. आणि गंमत म्हणजे मामांची पाठ वळली की बेबी दुप्पट खायची. ती कधी खादाड नव्हती, पण त्या तीन महिन्यांत तिनं जिलब्या अशा काही हाणल्या की आम्हीच चाट पडलो. तिकिटं एकसष्ट, बासष्ट, चौसष्ट अशी चढत गेली. मामांचा चेहरा दर रविवारी उतरत गेला.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा ते आमच्याकडे आले. घरी मी एकटाच होतो. त्यांनी वाण्याकडून तांदळाची मोठी गोणी आणवली, हिची एक जुनी रेशमी साडी मागून घेतली आणि गोणीला नेसवली. “निसटतं का ते बघतो,” म्हणाले. पाय फाकवले, छाती वर केली, श्वास घेतला. गोणी जमिनीवरून उठली, गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. मामांनी ती टाकली नाही. सरळ पाठीनं, हळूहळू, झोपलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली. मग खुर्चीत बसले. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “त्या दिवशी येईल ताकद. मांडवात येते.” मी हो म्हणालो. मला फार भीती वाटत होती, आणि त्यांनाही वाटत होती.

लग्न बदलापूरच्या एका हॉलमध्ये होतं. बोहल्यावर नवरा उभा राहिला, अंतरपाट धरला गेला आणि गुरुजींनी माइकवरून पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” वधूच्या खोलीत बेबी, माझी बायको, मी आणि मामा. मामांनी डबी काढली, हातांना खडू चोळला, कमरेला शर्टाच्या आतून बांधलेला जुना चामडी पट्टा आवळला. “बेबी, अंग सैल सोडायचं नाही. बारसारखी राहा,” म्हणाले. तिनं मान हलवली, मुंडावळ्या हलल्या. मामा खाली बसले, एक हात तिच्या पाठीवर, एक गुडघ्यांमागे. मी डोळे मिटले. बाहेरून गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारलं.

काहीच झालं नाही म्हणून मी डोळे उघडले. मामा तसेच होते. मान ताठ, पाठ सरळ, कुणालाही नाव ठेवायला जागा नाही. फक्त हात थरथरत होते, आणि ती थरथर तिच्या शालूपर्यंत पोचली होती. बेबीनं खाली त्यांच्याकडे पाहिलं.

“मामा,” ती म्हणाली, “डाउन.”

मामा हलले नाहीत. “अजून उचललं कुठंय?”

“दीड वर्षाची होते तेव्हापासून उचललंय. झाली लिफ्ट. डाउन म्हटलंय ना मी?”

मला वाटलं, आता ते भांडणार, ओरडणार. पण पंचाशी वाद घालायचा नाही हा त्यांचाच नियम होता. मामांनी हात सोडवले, आगाऊ गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले, आणि बेबीनं पुढे केलेला हात त्यांनी धरला. दोघं चालत बाहेर आले. मामा रडत होते, उघड, सगळ्या हॉलसमोर, पण पाठ मात्र टेकायला भिंत असावी तशी सरळ होती. माझ्या बायकोला हुंदका आवरेना. मलाही त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मीसुद्धा नकळत ताठ झालो.

नंतर जेवणाच्या पंगतीत बेबीनं हिला सांगितलं. लसूण काढायला गेली असताना कपामागचा एक्स-रे तिला पहिल्याच आठवड्यात सापडला होता. सांगून मामा ऐकणार नाहीत, हे तिला माहीत होतं. म्हणून ती खात सुटली होती. “वाटलं, साठच्या वर गेले की सोडतील नाद,” ती म्हणाली, “पण हा माणूस सोडतोय कुठे. ताई, मला आता जिलबीचा वाससुद्धा नको झालाय.” तिच्या शालूवरही दोन पंजे उमटले होते. हिच्या शालूवरचे स्वच्छ आहेत, पाचही बोटं मोजता येतात. बेबीच्या शालूवरचे थोडे फरफटलेले आहेत.

त्यानंतर शेडमधली वजनं मामांनी तरुण पोरांना देऊन टाकली. एक बार तेवढा ठेवला, त्यावर मामी गोधड्या वाळत घालतात. तेलं चालू आहेत, भिंत चालू आहे, शेजारची मांजर मात्र परतली नाही. दोन-तीन वर्षांनी बेबीला मुलगी झाली. ती चालायला, बोलायला लागल्यापासून बेबी तिला सुट्टीच्या दिवशी बुवापाड्याला घेऊन येते. परवा आम्हीही गेलो होतो. शेडमध्ये तीच जुनी बादली उलटी ठेवलेली, तिच्यावर ती चिमुरडी बसलेली, हातात बिस्किट. समोर मामा. पाय एका रेषेत, छाती वर, दोन्ही हात डोक्यावर सरळ. हातांत काहीही नाही.

“म्हण ना गं डाउन,” मामा म्हणाले.

पोरगी बिस्किट खात होती. तिनं मामांच्या पायांकडे नीट पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मामा उभे राहिले. माझ्या खिशात घरची किल्ली होती, बाहेर रिक्षा थांबली होती, उशीर होत होता. पण आम्ही सगळेच तिथं उभे राहिलो, तिचं बिस्किट संपेपर्यंत.